गळ्यातला टाक

भादव्याचं ऊन मला कधी आवडलं नाही. पावसानं नुकती पाठ फिरवलेली असते, भिंतींची ओल गेलेली नसते, आणि वरून हे ऊन असं तापतं की दोरीवरचे कपडे वाळतात पण त्यांचा कुबट वास जात नाही. मिरजेत आमच्या गल्लीत या दिवसांत सकाळपासून खिरीचा आणि वड्यांचा वास सुटतो. गच्च्यांवर पानं मांडतात आणि एरवी ज्यांना हाकलतात त्या कावळ्यांची वाट बघत माणसं ताटकळतात. पितृपंधरवडा. सगळ्यांना आपली गेलेली माणसं तेवढ्या दिवसांपुरती आठवतात आणि नवरात्र लागलं की विसरतात. मला त्यांचा हेवा वाटतो. माझ्या लहानपणी आमच्या घरात बारा महिने मेलेली माणसं मुक्कामाला असायची. आमची नव्हे, गावची. फडक्यात बांधून कोणी ना कोणी आणून ठेवलेली.

आम्ही टाक करणारे. ज्यांच्या देवघरात टाक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठावानं काढलेली मूर्ती, तळहातावर मावेल एवढी. घोड्यावरचा खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ आणि त्याची जोगेश्वरी, तुळजापूरची आई, आणि त्यांच्याच पंगतीला घरातले गेलेले. कोणी लढाईत पडलेला, कोणी अकाली गेलेला, कोणी हळदीकुंकवानं गेलेली सवाष्ण. देवांना हळद लावली की यांनाही लावायची. कोरेगावच्या बाजारपेठेमागच्या बोळात आमचं घर होतं आणि पुढच्या खोलीत माझे वडील, आण्णा, हे काम करत बसायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं आणि त्यांच्याही.

भादवा म्हणजे आमची सुगी. घटाला देव बसायच्या आधी ते उजळून घ्यायचे म्हणून लोक रांग लावायचे. एसटीतून उतरून बायका पदराखाली गाठोडं धरून यायच्या. कुणाच्या खंडोबाचा घोडा झिजून गाढव झालेला, कुणाच्या देवीचा हात गेलेला. आणि ज्यांच्यात वाटणी झालेली असायची ते तर जोडीनं यायचे, पण एकमेकांकडे न बघता. थोरल्याकडे देव गेले की धाकट्याला नवे टाक लागतात. दुसऱ्याच्या घरात भांडण झालं की आमच्या घरात गोडधोड व्हायचं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि तेव्हाही त्याची लाज वाटत नव्हती.

ती खोली मला आजही नाकानं आठवते. राळ तापवल्याचा वास, चिंचेच्या पाण्याचा आंबट वास, आणि आण्णांच्या सदऱ्याला येणारा या दोन्हींचा मिळून एक वास. आत उलटी आकृती कोरलेले काशाचे जुने ठसे फळीवर ओळीनं मांडलेले. ठशावर चांदीचा पत्रा ठेवायचा, वर शिशाचा तुकडा धरून हातोडीनं ठोकायचं, की पत्रा खाली दबून ठशातली आकृती घेतो. मग तो पत्रा राळेच्या पाटावर चिकटवून बारीक छिन्न्यांनी डोळे, नाक, दागिने काढत बसायचं. बाईमाणसासाठी आमच्याकडे एकच ठसा होता, जोगेश्वरीचा. त्याला हनवटीपाशी टवका उडालेला होता, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा. त्यामुळे त्यातून निघालेल्या प्रत्येक देवीच्या हनवटीवर एक दाणा उठायचा. बोथट छिन्नीनं तो दाबून सपाट करायचं काम माझं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि देव्यांचे दाणे दाबत बसायचं. नवरात्राआधी इतक्या हनवट्या माझ्या हाताखालून जायच्या की डोळे मिटून बोट फिरवलं तरी तो दाणा सापडायचा.

गेलेल्या सवाष्णींनाही तोच ठसा. पण तो नुसता ठोकून आण्णा कधी टाक देत नसत. देवीचं तोंड ते पुसून घ्यायचे आणि त्यात त्या बाईचं तोंड भरायचे. त्यासाठी घरच्यांना समोर बसवून विचारत राहायचे. कपाळ कसं होतं. नाक धारदार की बसकं. हसताना दात दिसायचे का. कानाची पाळी तुटलेली होती का. ते विचारणं इतकं हळू आणि इतकं खोल चालायचं की रडायला न आलेली माणसंही तिथं रडायची. पुरुषाचं असलं तर मिशी, फेटा, कपाळावरची खोक. माणदेशातली एक म्हातारी आली होती, तिचा मुलगा पलटणीत होता, सरहद्दीवर गेला. तिला बाकी काही सांगता येईना. ती एवढंच म्हणत राहिली की त्यानं रजेवर येताना घड्याळ आणलं होतं. आण्णांनी त्या टाकाच्या मनगटावर घड्याळ काढलं, काट्यांसकट. म्हातारीनं ते बोटानं चाचपलं आणि म्हणाली, हा माझाच.

तिला जे मिळालं ते मला हवं होतं. माझ्या आईचं तोंड बघायचं होतं. आयुष्यभर एवढंच हवं होतं आणि ते मागायला लाजही वाटत होती, कारण आई जाऊन इतकी वर्षं झाली होती की आता काय त्याचं, असं लोक म्हणाले असते.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. बाळंतपणात गेली, बाळही राहिलं नाही. तिचा एकही फोटो नाही. लग्नात फोटो काढायची तेव्हा आमच्यासारख्यांत रीत नव्हती, आणि नंतर काढायला ती राहिली नाही. एक आत्या म्हणायची गोरी होती, दुसरी म्हणायची सावळी. एक उंच म्हणायची, एक बेताची. माझा मामा आण्णांच्या दुसऱ्या लग्नानंतर आमच्या दारात आला नाही, नाहीतर त्याच्या तोंडावरून तरी काही अंदाज केला असता. आरशात बघून तिला शोधायचा खेळही मी पुष्कळ खेळले. सापडायचे ते आण्णाच.

वर्षाच्या आत आण्णांनी दुसरं लग्न केलं. आणि आमच्याकडे चाल अशी की बिजवराशी लग्न करणाऱ्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचा. पहिलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिला मान दिला नाही तर ती आड येते, म्हणून. तर माझ्या आईचा टाक आण्णांनी स्वतःच्या हातानं केला आणि तो मावशीच्या गळ्यात गेला. मावशी म्हणजे माझी सावत्र आई. तिला आई म्हणायला सगळ्यांनी शिकवलं, मी मावशीच म्हणत राहिले. टाक जुन्या रुपयाएवढा होता. गळ्यात घालायचा टाक चेपू नये म्हणून मागून राळ भरून तांब्याचा पत्रा लावून बंद करतात, तसा बंद केलेला. वर कडी, काळा दोरा. मंगळसूत्राच्या खाली तो लोंबायचा.

मावशी माझी वेणी घालायला बसली की तो टाक माझ्या मानेवर टेकायचा. गार लागायचा. ती केस ओढून बांधायची, मला दुखायचं, आणि मागं ती गार चकती हलत असायची. मी मान हलवायची नाही. मावशीला वाटायचं पोर गुणी आहे.

आता मावशीबद्दल सरळ सांगते. ती वाईट नव्हती. तिनं मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, शाळेतून काढलं नाही. मला मिरजेला शिकायला पाठवण्यासाठी आण्णांशी भांडली ती तीच. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त घाबरट होती. म्हसवडजवळच्या वाडीतून ती या घरात आली ती एका मेलेल्या बाईला गळ्यात घालून, आणि आल्या दिवसापासून घरात काही बिनसलं की सगळ्यांची नजर तिच्या गळ्याकडे जायची. तिचे दोन गर्भ राहिले नाहीत. मग तर बोलायलाच नको. पहिली आड येते, पहिलीचं काहीतरी राहिलंय. मावशीनं त्यावर उपाय काढला तो घासायचा. रोज आंघोळीआधी टाक उतरवायचा नाही, गळ्यातच धरायचा, आणि चिंच आणि रांगोळी लावून घासायचा. रांगोळीची पूड चांदीला किती खाते हे सोनाराच्या पोरालाही कळतं, टाक करणाऱ्याच्या बायकोला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. सुनील, माझा भाऊ, जन्मला तेव्हा तिची खात्री पटली की घासण्याचा गुण आला. मग ती आणखी जोरानं घासायला लागली.

मला कळायला लागेपर्यंत टाकावर नाकाची एक रेघ आणि डोळ्यांच्या जागी दोन सावल्या राहिल्या होत्या. पुढं त्याही गेल्या. माझ्या डोळ्यांदेखत माझी आई रोज सकाळी न्हाणीघरात थोडी थोडी वाहून जायची, आणि घालवणारी बाई तिला नमस्कार करून घालवायची. मी एकदा म्हटलं, मावशी, नको घासूस इतका. ती दचकली. म्हणाली, "काळा पडला तर लोकं काय म्हनत्याल? सवतीला काळी ठिवली म्हनत्याल."

तिच्या बाजूनं ते खरंच होतं. लोक म्हणालेच असते. पण मी तेव्हा तिच्या बाजूनं विचार करायच्या मनःस्थितीत नव्हते, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरती नाही.

वर्षातून एक दिवस तो टाक तिच्या गळ्यातून उतरायचा. अविधवा नवमीला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध या नवमीला करतात, म्हणजे माझ्या आईचा तो हक्काचा दिवस. मावशी पहाटेपासून राबायची. पुरण, कढी, भज्यांचा ढीग. पाटावर तांदूळ, तांदळावर टाक, टाकाला हळदीकुंकू, हिरवा खण. एका सवाष्णीला बोलावून जेवू घालायचं, ओटी भरायची. मावशी त्या गुळगुळीत चकतीपुढं डोकं टेकवून बराच वेळ तशीच राहायची. काय मागायची कोण जाणे. मी उंबऱ्यात उभी राहून टाकाकडे बघायची आणि हळद उठावात बसली असेल, तिच्यामुळं तरी काही दिसेल, म्हणून वाकायची. हळद सगळीकडे सारखी पसरलेली असायची.

नववीत असताना एका भादव्यात मी धीर केला. नवमीचा टाक पाटावरून उचलला आणि आण्णांपुढं नेऊन ठेवला. म्हटलं, गावाचे देव उजळताय, हा पण उजळा. तोंड काढा पुन्हा. आण्णांनी चष्मा कपाळावर सारला, टाक हातात घेतला, अंगठा फिरवला. बराच वेळ बघत राहिले. मग मावशीला हाक मारून टाक तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. झिजला तरी त्यो टाकच हाय."

मला वाटलं, त्यांना दुःखानं जमलं नाही. जगाच्या मेलेल्यांची तोंडं काढणारा माणूस स्वतःच्या बायकोच्या तोंडाला पुन्हा हात लावू शकत नाही, असं मी धरून चालले आणि त्या समजुतीवर त्यांच्यावर पुढं पुष्कळ वर्षं माया केली. सगळा राग एका ठिकाणी ठेवला की आयुष्य नीट चालतं. माझा सगळा मावशीच्या गळ्याखाली ठेवलेला होता.

मग मी मिरजेला आले, शिकले, एका दवाखान्यात एक्सरे काढायच्या खोलीत नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न, मुलं, सगळं रीतसर झालं. आण्णा गेले. मावशीच्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र उतरवलं, कुंकू पुसलं. मी बघत होते. टाकाला कोणी हात लावला नाही. नवरा गेला की नवऱ्याचं नातं उतरतं, सवतीचं राहतं. तेव्हापासून त्या ओक्याबोक्या गळ्यात काळ्या दोऱ्यातली ती पांढरी चकती तेवढी उरली. आणि नवमी मात्र बंद झाली, कारण ती नवरा असेपर्यंतच करायची असते. म्हणजे माझ्या आईला वर्षाचं एक जेवण मिळत होतं, तेही आण्णांच्या नावावर होतं. ज्यानं हे नियम केले तो पुरुष असणार हे सांगायला ज्योतिषी नको.

सुनीलनं दुकान चालवलं, पण काम चालवलं नाही. त्याला दोष देत नाही. आता टाक परगावाहून साच्यातले येतात, एकाला झाकावा दुसऱ्याला काढावा असे एकसारखे, लखलखीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. गिऱ्हाईक पिशवीवरूनच देव निवडतं. गेलेल्या माणसाचा टाक मागायला आता फारसं कोणी येत नाही, भिंतीवर फोटो असतो, त्याला विजेची माळ असते. राळेचा पाट सुनीलनं माळ्यावर टाकला होता. आणि जुने, झिजलेले, वारस नसलेले टाक, जे आमच्या आजोबांच्या वेळेपासून कृष्णेत सोडायचे म्हणून डब्यात पडून होते, ते पुण्याहून आलेला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घेऊन गेला. काशाचे ठसेही त्यानंच नेले. सुनीलनं मला नंतर सांगितलं. तो व्यापारी म्हणे त्यांना काळ्या मखमलीवर बसवून चौकटी करतो. लोक बैठकीच्या खोलीत लावतात. झिजलेल्याला जास्त मागणी, जुना दिसतो म्हणून. कुणाची तरी आजी, कुणाचा तरी पलटणीतला मुलगा, सोफ्याच्या वर, दिव्याच्या झोतात. पाहुणे चहा पिता पिता विचारत असतील, हे कोण? आणि घरचे सांगत असतील, अँटिक आहे. घड्याळवाला त्यात होता की नाही मला माहीत नाही. नसावा असं मी रोज स्वतःला सांगते.

तेव्हा मी सुनीलला एकच बजावलं होतं. मावशीच्या गळ्यातला टाक कुणाला द्यायचा नाही, नदीत सोडायचा नाही, तिच्याबरोबर जाळायचा नाही. तो माझा आहे.

मावशी या वैशाखात गेली. मी पोचले तेव्हा आत्याकडच्या बायका म्हणत होत्या की टाक अंगावरच राहू दे, दोघी मिळून जातील. सुनीलनं त्यांचं ऐकलं नाही. त्यानं दोरा कापला आणि टाक माझ्या हातात ठेवला. मावशीच्या गळ्याखाली छातीवर टाकाएवढा गोल डाग पडला होता, काळपट. इतक्या वर्षांचा. तिला सरणावर ठेवलं, अग्नी दिला, तोवर माझ्या मुठीत तो टाक होता आणि मी तिच्यासाठी रडत नव्हते. नाक मात्र पुसत होते, धुरामुळे.

मिरजेला आणून मी तो कपाटात ठेवला. अधूनमधून काढून बघायची. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा. आणि मग भादवा लागला, खिरीचे वास यायला लागले, आणि एका सकाळी कपडे वाळत घालताना माझ्या डोक्यात ते आलं जे मला, आण्णांच्या मुलीला, राळेच्या पाटाशी वाढलेल्या बाईला, आयुष्यभर लोकांची आतली बाजू बघून पोट भरणाऱ्या बाईला, आधीच यायला हवं होतं. उठावाच्या कामाला दोन बाजू असतात. वरून जिथं नाक उठतं तिथं आतून खळगा असतो. मावशीनं घासलं ते वरून. आतली बाजू पहिल्या दिवसापासून राळेत बंद होती. तिला चिंच लागली नव्हती, रांगोळी लागली नव्हती, कोणाचा हातही लागला नव्हता. माझी आई आत तशीच्या तशी असणार होती, उलटी, खोलगट, पण अख्खी.

कपडे तसेच बादलीत टाकून मी सुनीलला फोन लावला. म्हटलं नवमीला येते, राळेचा पाट खाली काढून ठेव.

मिरज ते कोरेगाव गाडीतून उसाशिवाय दुसरं काही दिसत नाही. या दिवसांत तो माणसाच्या वर गेलेला असतो. रहिमतपूर सोडल्यावर झेंडूची शेतं लागली, दसऱ्यासाठी धरलेली. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, माहेरला का? मी म्हटलं, हो, आईकडे. किती वर्षांनी हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. निघालं म्हणण्यापेक्षा पहिल्यांदाच निघालं.

सुनीलनं पाट धुऊन ठेवला होता, शेगडी पेटवली होती. त्याच्या बायकोनं नैवेद्याला पुरण घातलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं तरी. सुनीलनं मागचा तांब्याचा पत्रा कडेनं उचकटला. आत काळी राळ, दगडासारखी झालेली. टाक चिमट्यात धरून त्यानं आचेवर धरला आणि ती मऊ झाली, थेंब थेंब गळायला लागली. तो वास आला. आण्णांच्या सदऱ्याचा. मी पाटाशी खाली बसले.

सुनीलनं उरलेली राळ पुसून घेतली, टाक निववला आणि माझ्या पुढ्यात धरला. आतली चांदी काळी पडली होती पण रेघ न् रेघ शाबूत होती. मुकुट. मोठे, माशासारखे डोळे. नथ. दोन्ही हात वर, एका हातात तलवार. आणि हनवटीपाशी एक बारीक खड्डा, राजगिऱ्याच्या दाण्याएवढा.

मी बोट लावलं. बघायची गरज नव्हती.

जोगेश्वरी होती. ठशातून निघाली तशी. आण्णांनी कपाळ बदललं नव्हतं, मुकुट उतरवला नव्हता, हातातली तलवारसुद्धा काढून घेतली नव्हती. दाणा दाबून सपाट करायचीही तसदी घेतली नव्हती. पत्रा ठशावर ठेवला, ठोकला, राळ भरली, बंद केला. लग्नाची घाई असेल. जगाला कपाळ कसं होतं म्हणून विचारत बसणाऱ्या माणसाला स्वतःला विचारायला वेळ झाला नसेल, किंवा विचारलं असेल आणि उत्तर आलं नसेल. मी त्यांची बाजू घेऊन बघितली. मनापासून बघितली. नाही जमलं. नववीतल्या त्या दिवशी अंगठा फिरवताना ते दुःखानं गप्प बसले नव्हते. काढायला त्यांच्याकडे तोंडच नव्हतं. आणि मावशीनं आयुष्यभर घासून घासून जे घालवलं म्हणून मी तिच्यावर दात धरला, ते तिथं कधी नव्हतंच. तिच्या गळ्यात कोणीच नव्हतं. ती बाई कोणालाच घाबरत जगली.

सुनील माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. तो या कामात आला तोवर ठसे फळीवर धूळ खात होते. त्यानं एकही दाणा दाबलेला नाही. तो हळूच म्हणाला, "आक्का, हनवटीवर तीळ दिसतोय बग. आईला तीळ व्हता?"

त्याच्या तोंडून 'आई' असं माझ्या आईसाठी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "व्हय. व्हता."

"दिसली म्हन की मग."

"दिसली."

त्यानं हात जोडले. त्याची बायको आतून कुंकवाचा करंडा घेऊन आली. त्या दोघांनी त्या ठशातल्या बाईला माझी आई म्हणून हळदीकुंकू वाहिलं, नैवेद्य दाखवला, आणि मी ते करू दिलं. दुसरं काय करणार होते? पुरण चांगलं झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

जेवणं झाल्यावर सुनील पाटाशी रेंगाळत राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मग म्हणाला की मावशीचा टाक करायचा राहिलाय, घट बसायच्या आत देवघरात ठेवायला हवा. साच्यातला चालणार नाही. तिला साच्यातला नको. पाट काढलाच आहे तर तोच बसणार होता, जमेल तसं. पण त्याची अडचण झाली होती. "रोज बघितल्यालं त्वांड, पर छिन्नी धरली की काय ध्यानातच येत न्हाई गं. फोटू बघितला तर त्यात ती आखडून बसलीया, ती न्हवंच वाटत. तू सांग. आण्णा कसं इचारायचे, तसं मी इचारतो." आणि त्यानं खरोखरच पत्रा राळेवर चिकटवला, मांडी ठोकून बसला आणि विचारलं, "कपाळ कसं व्हतं?"

मी तोंड उघडलं आणि थांबता येईना. कपाळ अरुंद, मधे आडवी एकच आठी, ती झोपेतही जात नसे. डावी भुवई अर्धी, चुलीच्या जाळानं लहानपणी जळलेली. खोटं बोलताना डावा डोळा बारीक व्हायचा. नाक बसकं, नाकपुडीशी नथीचं भोक ओघळलेलं. वरचा ओठ खालच्यावर घट्ट बसलेला, काही मागायचं असलं की आणखी घट्ट. उजव्या कानाच्या पाळीला चीर. कानामागं केसांची एक बट नेहमी सुटलेली, ती कधी तेलात बसली नाही. गालाचं हाड कुठं संपतं हेसुद्धा सांगितलं. पन्नास वर्षं मी त्या तोंडावर राग धरला होता, त्यातली एक रेघ माझ्या हातून सुटली नव्हती. माझ्या आईबद्दल मला दोन शब्द सांगता आले नसते. ही बाई मला तोंडपाठ होती.

सुनीलचा हात कच्चा होता, पण मी सांगेन तसं तो ठोकत गेला. ऊन दारातून आत आलं आणि पाटावर पडलं. त्या काळ्या राळेवर चांदीतून मावशी हळूहळू वर यायला लागली, आठीसकट, सुटलेल्या बटेसकट. ओठ आले तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागलं. शेवटी तो गळ्यापाशी येऊन थांबला. छिन्नी हवेत धरून त्यानं मला विचारलं, गळ्यात टाक दाखवायचा का?

मी मूठ उघडून आतला टाक बघितला. वरची बाजू वर होती. गुळगुळीत.

"दाखव," मी म्हटलं. "पर त्याला त्वांड काढू नगंस."